टाकीपासून नोझलपर्यंत : जुन्या डिझेल ट्रकचा इंधनमार्ग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात दाबतो. ती पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून बारीक फवारा आत शिरला की डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे इंजिनाचे कॉम्प्रेशन शाबूत असेल तर गाडी सुरू न होणे, मिस मारणे किंवा चढावर दम सोडणे या तक्रारी बहुतेक वेळा तीन प्रश्नांपाशी येऊन थांबतात. डिझेल पोहोचते का? ते स्वच्छ आणि हवेविना पोहोचते का? योग्य वेळी आणि योग्य मापात पोहोचते का? हे प्रश्न याच क्रमाने विचारायचे असतात. रस्त्यात गाडी बंद पडली की हा क्रम बहुधा उलटतो. ‘पंप गेला’ असा निकाल आधी लागतो, महागडा पंप उतरवला जातो, आणि दोष सापडतो तो टाकीच्या झाकणाच्या बुजलेल्या छिद्रात किंवा तांब्याच्या एखाद्या चेपलेल्या वॉशरमध्ये.

भिलाईसारख्या गावात हा विषय रोजचा आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दल्ली-राजहरा खाणींतले लोहखनिज मुख्यतः रेल्वेने येते. पण पोलादाच्या प्लेटा, भंगार, स्लॅग, शेजारच्या जामुलचे सिमेंट आणि गावातल्या छोट्या कारखान्यांचा माल यांची मोठी वाहतूक ट्रकांवर चालते. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांकाचा रस्ता नागपूर, भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग असा येत भिलाईतून रायपूरकडे जातो. विदर्भातले चालक आणि छत्तीसगडचे मिस्त्री यांची या रस्त्यावर रोज गाठ पडते. खनिजाची, कोळशाची आणि सिमेंटची धूळ, मे महिन्यातला ४५ अंशांच्या आसपासचा उन्हाळा, पाठोपाठ चार महिन्यांचा दमट पावसाळा आणि लोडिंगच्या रांगेत तासन्तास चालू ठेवलेले इंजिन, या चारही गोष्टी इंधनमार्गाला थेट भोवतात. उत्तरेच्या पहाडांत हिवाळ्यात डिझेल गोठून मेण धरते; ती चिंता मात्र इथे नाही.

इथे जुना ट्रक म्हणजे ज्याचा इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक आहे असा ट्रक. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ मानक सक्तीचे झाले, त्याआधीच्या बहुतेक जड गाड्या या प्रकारात मोडतात : टाटाच्या १६१२, १६१३, २५१५ यांसारख्या गाड्या आणि त्यांच्या काळातल्या अशोक लेलँड. टाटांनी १९५४ मध्ये जमशेदपूरला डाइमलर-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक बनवायला सुरुवात केली. त्याआधी १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, बंगळूरला स्थापन झाली होती. पंप तिथले आणि नोझल नाशिकच्या कारखान्यातले, अशी या गाड्यांची वर्षानुवर्षांची जोडी. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले, तरी गॅरेजमध्ये आजही पंपाला ‘मायकोचा पंप’ म्हणतात.

दोष शोधण्याआधी डिझेलचा प्रवास डोळ्यांसमोर हवा. टाकीच्या तळाजवळ जाळी लावलेली नळी असते. तिथून सक्शन पाइप पंपाच्या अंगावर बसवलेल्या फीड पंपाकडे जातो. फीड पंपावर हाताने दाबायचा प्रायमर असतो आणि बहुधा खाली छोटी गाळणीची वाटी असते. फीड पंप डिझेल फक्त एक-दोन बार दाबाने पुढे ढकलतो. मग दोन फिल्टर लागतात : पहिला कापडी, दुसरा कागदी. गाळलेले डिझेल मुख्य पंपाच्या पोटात येते. तिथे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि बॅरलची जोडी असते. या जोडीतली फट काही मायक्रॉनांची, केसाच्या जाडीच्या कितीतरी पटींनी लहान. इथे दाब एकदम चढतो, जाड भिंतीच्या पोलादी नळ्यांतून डिझेल नोझलला पोहोचते आणि बहुतेक जुन्या इंजिनांत साधारण २०० ते २५० बार दाबाला नोझल उघडते. उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत जाते. म्हणजे मार्गाचे दोन भाग पडतात : पंपाआधीचा कमी दाबाचा आणि पंपानंतरचा प्रचंड दाबाचा. सर्वाधिक तक्रारींचे मूळ पहिल्या भागात असते. तो तपासायला एक पाना, एक स्वच्छ डबा आणि थोडा धीर पुरतो.

सुरुवात धुरापासून करावी, कारण धूर पाहायला काहीही खोलावे लागत नाही. सेल्फ मारल्यावर इंजिन नीट फिरते, पण सायलेन्सरमधून अजिबात धूर येत नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. तिथे पंपाचे टायमिंग, कमजोर कॉम्प्रेशन किंवा डिझेलमधले पाणी यांचा विचार करावा. भाराखाली काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. भिलाईच्या धुळीत याचे पहिले कारण डिझेल नसून चोंदलेला एअर फिल्टर असतो, म्हणून नोझल काढण्याआधी तो उघडून पाहावा. निळा धूर इंजिन ऑइल जळल्याचा असतो. इंधनमार्गाशी त्याचा सहसा संबंध नाही.

धूर अजिबात नसेल तर प्रथम इंजिन बंद करायची केबल पाहावी. जुन्या गाड्यांत ही तार ओढली की डिझेलचे माप ठरवणारा पंपाचा रॅक ‘बंद’ स्थितीत जातो. तार गंजून अडकली किंवा स्प्रिंग तुटली, तर चालकाने दांडी आत ढकलली तरी पंपावरचा लिव्हर मागे येत नाही. हाताने लिव्हर हलवून पाहण्याचे हे दहा सेकंदांचे काम आहे. ते न करता फिल्टर खोलायला घेण्याची चूक अनुभवी हातांकडूनही होते.

यानंतर टाकी. डिझेल जसे खर्ची पडते तशी तेवढी हवा टाकीत शिरावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असते. सिमेंटची धूळ आणि पावसाचे पाणी यांनी ते बुजले की टाकीत निर्वात तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. याची खूण ठरलेली आहे. गाडी काही किलोमीटर छान धावते, मग हळूहळू दम सोडते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होते, जणू काही झालेच नाही. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला, तर निदान झाले. दुसरी खूण टाकीतल्या नळीची. ही नळी मध्येच गंजून भोक पडले, तर टाकी भरलेली असताना गाडी उत्तम चालते आणि डिझेलची पातळी त्या भोकाखाली गेली की हवा ओढू लागते. ‘अर्धी टाकी झाली की बंद पडते’ ही तक्रार ऐकली की काटा बिघडला असे न समजता नळी काढून पाहावी.

हवा हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. पंपात हवेचा बुडबुडा असला की प्लंजर त्या बुडबुड्यालाच दाबत राहतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. चालक म्हणतात, गाडीने हवा घेतली. ही हवा शोधणे अवघड जाते, कारण टाकी ते फीड पंप या पट्ट्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे भेग असली तर डिझेल टपकत नाही, हवाच आत शिरते. कोरडी दिसणारी जोडणीही दोषी असू शकते. बॅन्जो बोल्टाखालची तांब्याची वॉशरे, उन्हाने तडकलेला रबरी पाइप, फीड पंपाच्या वाटीचे पॅकिंग आणि वापरून झाल्यावर नीट आवळून न बसवलेला प्रायमर ही संशयाची नेहमीची ठिकाणे.

खात्री करायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडून इंजिन चालू करणे. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. दुसरा मार्ग जास्त निर्णायक आहे. स्वच्छ डब्यात डिझेल घ्यावे, डबा फीड पंपापेक्षा उंच टांगावा आणि सक्शन व परतीची, अशा दोन्ही नळ्या त्यात सोडाव्यात. या डब्यावर गाडी व्यवस्थित चालली तर दोष टाकीत किंवा तिथून येणाऱ्या पाइपात आहे. पंप आणि नोझल तात्पुरते तरी निर्दोष सुटले. तरीही तक्रार राहिली, तर शोध पुढे सरकतो. पंप उतरवण्याआधी ही डब्याची चाचणी सक्तीची मानली, तर चालकांचे आणि मालकांचे कितीतरी दिवस आणि पैसे वाचतील.

प्रायमरही बोलका असतो. तो दाबताना हाताला काहीच विरोध जाणवला नाही, तर मागून हवा येते आहे किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह बसत नाहीत. दाबायला जड जात असेल तर पुढचा फिल्टर चोंदलेला आहे. वर ओढताना जड जात असेल किंवा सोडल्यावर आपणहून आत खेचला जात असेल, तर टाकीकडची वाट अडली आहे. जाळीत गाळ, चिंधी किंवा गंजाचे पापुद्रे सापडतात.

हवा काढण्याची पद्धत टाकीकडून पंपाकडे जाते. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून प्रायमर मारत राहावा. फेसाळ डिझेल येते, मग बुडबुडे कमी होतात, मग सलग धार लागते. धार वाहत असतानाच स्क्रू आवळावा. मग तेच पंपावरच्या स्क्रूवर. त्यानंतरही इंजिन पकडत नसेल, तर नोझलकडच्या दोन-तीन नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेल दिसले की आवळावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. वाचवलेल्या मजुरीपेक्षा जळलेला सेल्फ महाग पडतो.

इथे एक धोका गांभीर्याने सांगायला हवा. पंपानंतरच्या नळीतून किंवा नोझलमधून सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या निदान पंचवीसपट तो दाब असतो. सुरुवातीला केवळ टोचल्यासारखी खूण दिसते, फारसे दुखतही नाही. पण काही तासांत आतले मांस मरू लागते आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागतो. गळती बोट फिरवून कधीही शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. डिझेल कातडीखाली गेले असेल तर दुखायची वाट न पाहता तडक शल्यचिकित्सा होते अशा रुग्णालयात जावे. क्लीनर म्हणून उमेदवारी करणाऱ्या पोरांना पाना हातात देण्याआधी ही गोष्ट शिकवली पाहिजे.

फिल्टर चोंदल्याची तक्रार भाराखाली कळते. रिकामी गाडी पळते. माल भरून केशकाल घाटासारख्या चढावर आली की इंजिन मरगळते, कारण पूर्ण भाराला लागणारे डिझेल कागदातून पार होत नाही. कापडी फिल्टर स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन वापरता येतो, कागदी कधीही धुऊ नये. धुतलेल्या कागदाची छिद्रे फाटतात आणि जो कण अडवायचा तोच एलिमेंटमध्ये जातो. फिल्टरच्या तळाचा नट सैल करून साचलेले पाणी नियमित काढावे, पावसाळ्यात रोज. रात्री अर्धी रिकामी उभी राहिलेली टाकी दमट हवा आत घेते आणि पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी, सक्शन नळीच्या तोंडाशीच जमते. त्या सीमेवर जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळही धरतो. शक्य असेल तर मुक्कामाआधी टाकी भरून ठेवणे हा यावरचा साधा उपाय. टाकीच्या तळातून बाटलीभर डिझेल काढून काचेत तासभर स्थिर ठेवले, की पाणी आणि गाळ वेगळे दिसतात.

डिझेलचा दर्जा हा याला जोडूनच येणारा मुद्दा. बीएस-३ काळात गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ३५० होती, बीएस-४ मध्ये ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगणही जाते. ते भरून काढण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यात वेगळे द्रव्य मिसळतात, त्यामुळे मानकातले डिझेल जुन्या पंपाला चालते. केरोसीनची भेसळ मात्र घातक ठरते, कारण पंपाच्या एलिमेंटना डिझेलखेरीज दुसरे वंगणच नसते. पेट्रोल पंपावर घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि तो वापरला पाहिजे. छत्तीसगडने २००५ मध्ये जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापून रतनजोतीची, म्हणजे आपल्याकडच्या मोगली एरंडाची, बायोडिझेलसाठी मोठी लागवड हाती घेतली होती. बायोडिझेल मिसळलेले इंधन जुन्या टाकीत पहिल्यांदा पडले, की वर्षानुवर्षांचा थर सुटून फिल्टरमध्ये येतो. अशा वेळी फिल्टर लवकर बदलावा लागतो. इंधन वाईट आहे असा निष्कर्ष काढू नये.

इथवर सारे ठीक असेल आणि इंजिन मिस मारत असेल, तर मग नोझल. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नळीचा नट पाळीपाळीने सैल करावा, तोंडावर चिंधी धरून. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, तो सिलिंडर काम करतो आहे. ज्याने काहीच फरक पडत नाही, तो मुळातच मेलेला आहे. मग त्या सिलिंडरचे नोझल शेजारच्याशी अदलाबदल करावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागच्या जागी राहिला तर पंपाचे एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन. टेस्टरवर चांगले नोझल ठरलेल्या दाबाला उघडते, धूसर फवारा देते आणि टोकाला थेंब धरत नाही. थेंब गाळणारे नोझल पिस्टनचे डोके जाळते, म्हणून ‘चालतेय तोवर चालू दे’ ही वृत्ती इथे परवडत नाही. लोडिंगच्या रांगेत तासन्तास मंद चालणाऱ्या इंजिनाच्या नोझलवर कार्बन लवकर धरतो. इंजिन बंद ठेवण्याने डिझेल तर वाचतेच, नोझलही टिकते. नोझल परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घालावे.

पंप सर्वांत शेवटी, आणि त्याच्याही काही खुणा आहेत. थंडीत सहज सुरू होणारी गाडी भर दुपारी तापल्यावर सुरू होत नसेल आणि पंपावर ओला फडका काही वेळ ठेवल्यावर होत असेल, तर एलिमेंट झिजले आहेत. गरम डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून निसटते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात हा दोष हटकून उघडा पडतो. तापलेल्या पंपावर थेट गार पाणी मात्र ओतू नये, एलिमेंट जाम होतात. इंजिनाचे ऑइल वापराने कमी होण्याऐवजी वाढत असेल, पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप किंवा मुख्य पंप आतून डिझेल गाळतो आहे. अशी गाडी पुढे न्यायची नाही, बेअरिंग जातात. मंद गतीला इंजिन वर-खाली झोके घेत असेल तर आधी हवा, मग इंजिनाची गती सांभाळणारा गव्हर्नर तपासावा. अचानक ताकद गेली आणि पांढरा धूर आला, तर पंपाच्या कपलिंगचे बोल्ट सैल होऊन टायमिंग सरकले असण्याची शक्यता आहे.

पंप रस्त्यावर उघडण्याची वस्तू नाही. त्याचे काम बंद, स्वच्छ खोलीत, कॅलिब्रेशनच्या यंत्रावर होते. तिथे प्रत्येक एलिमेंट किती डिझेल देतो ते मोजून सारखे करतात. जास्त ओढ मिळावी म्हणून कमाल डिझेलच्या स्क्रूचे शिशाचे सील तोडून ‘पंप वाढवण्याची’ रीत सर्रास आहे. तिने काळा धूर, तापलेले पिस्टन आणि वाढलेला खर्च एवढेच पदरात पडते. शिवाय बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना पीयूसी चाचणीत असलेली ६५ हार्ट्रिज एककांची धुराची मर्यादा ओलांडली जाते. इथे सांगितलेल्या नट सैल करण्याच्या चाचण्या फक्त यांत्रिक पंपांसाठी आहेत. कॉमन रेल गाड्यांत दाब हजार बारच्या पुढे जातो. त्यांची नळी चालू इंजिनात सैल करणे जिवावर बेतू शकते.

दुरुस्त पंप परत बसवताना टायमिंगच्या खुणा जुळवाव्यात, परतीची नळी आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह जागच्या जागी आहेत ना हे पाहावे आणि हवा पुन्हा पूर्ण काढावी. चाचणी रिकाम्या गाडीवर घेऊन उपयोग नाही, माल भरून चढावर घ्यावी. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गाडी थांबवून कपलिंगचे बोल्ट आणि बॅन्जोचे नट पुन्हा आवळावेत आणि फिल्टरच्या तळातले डिझेल काचेत काढून पाहावे.